मागच्या सीटवरून

ताकुआरेम्बोच्या पुढे डांबर संपतं,
तिथून यामिला चालवते.
शेजारी एलियान, वय बावीस,
मांडीवर कुंपणाचं झटका मशीन,
तान्ह्या लेकरासारखं दोन्ही हातांनी धरलेलं.
मी मागे. तारेची भेंडोळी, थर्मास, आणि माझे गुडघे.
एकतीस वर्षं मी पुढे बसायचो.

यामिलाला मॅनेजर होऊन चार महिने झाले.
सहाजण हाताखाली, पैकी दोघं तिच्याहून मोठे.
मोंतेविदेओहून मला निरोप:
दोन विल्मार, तिला तयार करा.
तयार करा म्हणजे काय करा, ते निरोपात नव्हतं.

फाटकाशी म्हातारा सिल्वेरा उभा होता,
हात खिशात, पायाशी तीन कुत्री.
एलियाननं मशीन जोडलं.
टक्.
सेकंदभर काही नाही.
टक्.
"चाळीस किलोमीटर तार ओढतं," पोरगा म्हणाला.
"पावसानंतर गवत तारेला टेकतं," सिल्वेरा म्हणाला,
आणि गप्प झाला.

हे गप्प होणं माझ्या ओळखीचं.
माणूस आतल्या आत पैसे मोजत असतो,
मेलेल्या बापाला विचारत असतो, घेऊ का.
त्यात कुणी शिरू नये.
एलियान शिरला नाही. भीतीनं असेल,
पण बरोबर होतं.

यामिला शिरली.
गवताचं उत्तर दिलं, वॉरंटीचं दिलं, हप्त्यांचं दिलं,
न विचारलेलंही दिलं.
फार सुंदर बोलते. म्हणून तर मॅनेजर झाली.
दहा मिनिटांत सिल्वेरानं दोन मशीन घेतली,
हात तिच्याशी मिळवला,
आणि एलियान तार गुंडाळत बसला,
गुंडाळून झाली तरी गुंडाळत बसला.

"बघितलंस, कसं मिटवायचं ते?"
ती परतताना त्याला म्हणाली.
"हो." खिडकीकडे बघून.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं.
पोरी, बीळ त्याचं, नागोबा तू झालीस.
पोरी, दोन मशीन विकलीस आणि एक विक्रेता घालवलास.
घोटीव वाक्यं, एकतीस वर्षांच्या पॉलिशची.
तोंड उघडलंसुद्धा,
तेवढ्यात आरशात तिचे डोळे दिसले.
ती काहीतरी मोजत होती.

मूग गिळले. वर येर्बाचा कडू घोट.
हात शिवशिवतात तशी या वयातही जीभ शिवशिवते.

नऊ किलोमीटरनंतर फाटक आलं,
एलियान उघडायला उतरला.
"तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"
ती पुढेच बघत होती.
मी म्हटलं, "हेच. याहून वाईट.
माझ्या हाताखालची चार पोरं गेली.
त्यातला नेल्सीन्यो आता रिवेराला बियाणं विकतो,
मला बघितलं की रस्ता ओलांडतो.
माझ्या आकड्यांत मात्र तो कुठेच दिसत नाही.
आकडे माझे कायम चांगले होते."

ती काही बोलली नाही.
एलियान आत बसला, बुटांना चिखल,
गाडी पुढे निघाली.

पुढचं शेत बाई बेरेत्ता यांचं.
यामिला गाडीला टेकून उभी राहिली,
मुठी जॅकेटच्या खिशात, खिसे ताणलेले.
लांबून मशीनचा आवाज येत होता,
बोलणं ऐकू येत नव्हतं.
मध्येच ती दोन पावलं पुढे गेली,
आणि टायरला लाथ मारून परत आली.

वीस मिनिटांनी तो आला.
"नाही घेतलं."
मशीन काखेत होतं आता,
लेकरासारखं नाही, अवजारासारखं.

यामिलानं तोंड उघडलं.
सेकंदभर काही नाही.
मग म्हणाली, "त्या काय म्हणाल्या?"

आणि पोरगा सांगू लागला,
बाईंच्या जावयाचं, मेलेल्या वासराचं, मार्चमध्ये परत ये म्हणाल्या त्याचं,
डांबर लागेपर्यंत थांबला नाही.
मी थर्मास उघडला. पाणी निवलं होतं.